माणूस बघून भाव

३ जुलै २०२३

नऊ वर्षं रोज संध्याकाळी सहाला साहेबांना दिवसाचा रिपोर्ट पाठवत होतो. काय झालं, काय अडलं, उद्या काय. फेब्रुवारीत पुण्याच्या कंपनीने चाळीस जणांना एकदम घरी पाठवलं, त्यात मी. आता रिपोर्ट मागणारं कोणी उरलं नाही, पण सहा वाजले की बोटं अस्वस्थ होतात. म्हणून ही वही.

आजचा रिपोर्ट. 'पुस्तकभाव' सुरू झालं. पुस्तकाचं नाव टाकायचं. ते कोणत्या वेबसाइटवर केवढ्याला आहे, टपालखर्च धरून केवढ्याला पडतं, सगळं एका यादीत. स्वस्त वर, महाग खाली. सोलापुरात परत येऊन पाच महिने एकट्याने बसून केलेलं काम. माझी बायको निवेदिता शाळेत शिकवून घरी आल्यावर तिला दाखवलं. तिने वर्गासाठी हवा असलेला शब्दकोश शोधला, सत्तर रुपयांचा फरक निघाला. "चांगलं आहे," म्हणाली. खरंच आवडलं की माझ्यासाठी म्हणाली, कळलं नाही.

आईने चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यात आपल्या चनबसप्पाचं दुकान कुटं हाय?"

नव्हतं.

६ जुलै

मामांकडे गेलो. चनबसप्पा मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. नवी पेठेत त्यांचं पुस्तकांचं दुकान, तेहतीस वर्षं झाली. शाळेची, कॉलेजची, नर्सिंग-फार्मसीची, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. दुकान लांबट आणि अंधारं आहे. मामा दिवसभर उभेच असतात. बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाला आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणालो, "मामा, तुमचे भाव साइटवर टाकतो. सोलापुरातलं पहिलं दुकान तुमचं."

"भाव पुस्तकावर छापलेला असतोय की."

"तो नाही. तुम्ही देता तो."

"त्यो माणूस समोर आल्याबिगर कसा सांगू?"

मला वाटलं गंमत करताहेत. मी हसलो, तेही हसले. मग म्हणाले, "टाक बाबा. तुजं चाललं पायजे."

१३ जुलै

आठवडाभर दुकानात लॅपटॉप घेऊन बसलोय. अकराशे पुस्तकांची यादी झाली. भावाची नाही झाली. कारण भावच नाही.

आजचं लिहून ठेवतो. एकच पुस्तक, फार्मसीचं, छापील किंमत चारशे ऐंशी. सकाळी एका डॉक्टरांच्या ड्रायव्हरने पूर्ण पैसे देऊन नेलं. दुपारी एका प्राध्यापकांना दहा टक्के सोडले. साडेचारला एक मुलगा आला, त्याच्याकडून तीनशे घेतले. त्याने सूट मागितली पण नव्हती. मी विचारलं, हे काय मामा? म्हणाले, "हाय तसं."

बाजाराचा सगळा रोग हाच आहे. एका दुकानात एका वस्तूचे तीन भाव. ज्याला माहीत नाही तो फसतो. डॉक्टरला कळलं असतं की शेजारच्याला तीनशेला मिळालं, तर तो परत आला असता का? मामा प्रामाणिक आहेत, पण पद्धत प्रामाणिक नाही. मी हे बदलू शकतो, असं आज पहिल्यांदा वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कामाला काहीतरी अर्थ आला.

२ ऑगस्ट

आज दुपारी एक मुलगी आली. मैंदर्गीहून एसटीने आली होती. दानेश्वरी नाव, नर्सिंगला पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय. शरीररचनेचं जाड पुस्तक मागितलं. मी नवी प्रत काढून दिली. तिने मागची बाजू उलटून किंमत पाहिली, सहाशे पंचाहत्तर, आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं. "नंतर येते," म्हणाली.

मामा कन्नडमध्ये काहीतरी बोलले, मला नीट कळलं नाही. ती थांबली. मामांनी मागच्या कपाटातून दुसरी प्रत आणली. थोडी हाताळलेली होती, बहुतेक दाखवायला ठेवलेली. तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं, पहिल्या पानावर तिच्याकडून नाव लिहून घेतलं आणि दोनशे रुपये घेतले. "जपून वापर. पुढच्या वर्षी ये," म्हणाले. ती पाया पडायला वाकली, तर हे मागे सरले.

ती गेल्यावर हिशोब मनात केला. दोनशेला देतात म्हणजे मामांना ते दीडशेच्या आसपास पडत असणार. छापील किंमत म्हणजे नुसता फुगा. सगळ्या मोठ्या वेबसाइटवर हेच पुस्तक पाचशे चाळीसच्या खाली नाही. आणि नवी पेठेत दोनशे.

हीच तर माझी साइट. हे लोकांना माहीतच नाही.

५ ऑगस्ट

नियम ठरवला: दुकानात प्रत्यक्ष दिला गेलेला सगळ्यात कमी भाव, तोच दुकानाचा भाव. अशी अकरा पुस्तकं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत, ती आज टाकली. बाकी सगळ्यांवर दहा टक्के सूट लिहिली. अकराच्या अकरा शोधांत मामांचं नाव सगळ्यात वर येतंय. हिरव्या चौकटीत.

निवेदिताला दाखवलं. ती म्हणाली, "मामांना विचारलंस?"

"त्यांनीच टाक म्हणून सांगितलंय."

"दोनशे टाक म्हणाले?"

"दोनशे ते स्वतः घेत होते, निवेदिता. मी समोर होतो."

"मग एकदा विचारायला काय जातंय?"

मी म्हणालो, तुझा माझ्यावर विश्वास नाही, नोकरी गेल्यापासून नाही. असं म्हणायचं नव्हतं. ती वह्या तपासायला बसली आणि जेवताना भाजी वाढण्यापुरतंच बोलली.

२२ ऑगस्ट

लिहायला वेळ नाही इतकं चाललंय. नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी आमचं पान पाठवलं. तीन दिवसांत चार हजार लोक साइटवर आले. एरवी दिवसाला तीस येत होते.

दुपारी दुकानात गेलो तर बाहेर पायरीपर्यंत गर्दी. प्रत्येकीच्या हातात मोबाईल, मोबाईलवर माझी हिरवी चौकट. एक मुलगी वडिलांच्या गाडीतून आली होती, गाडी रस्त्यात उभी, मागून हॉर्न. वडिलांनी मामांना फोन दाखवून विचारलं, "हे तुमचंच ना? दोनशे लिहिलंय."

मामांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आमचंच," म्हणाले. नवी करकरीत प्रत दोनशेला दिली. मग रांगेत सगळ्यांना दिली.

गर्दी कमी झाल्यावर मी विचारलं, "मामा, भाव बरोबर आहे ना? बदलायचा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे."

ते कपाटातली मोकळी जागा रुमालाने पुसत होते. "दुकानाच्या नावावर लिवलंयस न्हवं? म्हंजे मी बोलल्यासारखंच हाय. आता फिरवलं तर तू खोटा पडतोस. असू दे."

असा मामा मिळायला भाग्य लागतं.

३१ ऑगस्ट

नव्या प्रती संपल्या तरी गिऱ्हाईक येतंच आहे. मामांनी मागचं कपाटही उघडलं. त्यात वीस-पंचवीस पुस्तकं होती, सगळी खाकी कव्हरातली, वापरलेली. ती पण निघाली. एका बाईंनी कुरकुर केली की जुनं पुस्तक, वर आत पेन्सिलच्या खुणा, मग दीडशे घ्या. मामांनी दीडशे घेतले. मी ताबडतोब साइटवर 'जुनी प्रत: १५०' अशी वेगळी ओळ केली.

अडकलेला जुना माल महिन्यात मोकळा झाला. हे मी मामांना बोलून दाखवलं. त्यांनी रिकाम्या कपाटाची कडी लावली आणि म्हणाले, "व्हय. मोकळं झालं."

आज पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. त्यांना छोट्या शहरांतल्या दुकानांचे भाव दाखवणारी साइट विकत घ्यायची आहे. तीन महिन्यांचे आकडे मागितलेत. निवेदिताला सांगितल्यावर ती खरंच हसली, वरवर नाही. आम्ही बाहेर जाऊन शेंगाचटणी आणि भाकरी खाल्ली, परत येताना चालत आलो. खूप दिवसांनी.

१९ सप्टेंबर

दुकानात गेलो. कपाटं रिकामी दिसतात. स्पर्धा परीक्षेची दोन फळ्या पुस्तकं आणि शाळेचे नकाशे, बाकी विशेष नाही. विचारलं तर म्हणाले, "माल येतोय." कधी, ते सांगितलं नाही. मामा स्टुलावर बसलेले होते.

गिऱ्हाईक येतं, फोन दाखवतं, नाही म्हटल्यावर रागावून जातं. एकाने माझ्यासमोर विचारलं, "मग कशाला टाकता स्वस्त म्हणून? बोलवायला?" मामांनी नकाशांची गुंडाळी सरळ केली. टाकणारा मीच होतो, हे बोलायला हवं होतं.

साइटवर दुकानाला पाचपैकी दोनच तारे आलेत. तारे देण्याची सोय मीच केली होती.

२४ सप्टेंबर

निवेदिता म्हणाली, ते पान काढून टाक. मी म्हणालो, पुण्याच्या लोकांना नोव्हेंबरपर्यंतचे आकडे हवेत आणि निम्म्याहून जास्त लोक मामांच्या पानावरूनच येतात. एवढे दोन महिने. माल आला की सगळं जागेवर येईल.

मी हे तिला पटवत होतो की स्वतःला, ते इथे लिहायला हरकत नाही. स्वतःला.

१२ ऑक्टोबर

आई माझ्याशी बोलत नाही. कारण विचारलं तर "काय न्हाय" म्हणते.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या तोंडावर नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. मामांचं शटर खाली. शेजारच्या कापडवाल्याने सांगितलं, नवरात्रापासून बंद आहे. तीन आठवडे झाले. मला कोणी सांगितलं नाही. आणि मीही गेलो नव्हतो.

तसाच मामांच्या घरी गेलो. मामा देवळात गेले होते. शरणम्मा मामी एकट्या होत्या. त्यांनी चहा ठेवला. मी उभ्यानेच विचारलं, मामी, दुकान का बंद?

"पुण्याचा ठोकवाला माल देईना. त्यानं तुजं ते पान बघितलं म्हणं. फोनवर लई बोलला. तुमी दोनशेला इकताय, आमी तुमाला पाचशेवीसला देतोय, बाकीची दुकानं आमाला इचारायलीत. बाजार खराब करता म्हणाला. आदी आमची उधारी भागवा, मग बगू म्हणाला."

पाचशे वीस. मी मामींना परत विचारलं. पाचशे वीसच.

"मग मामांनी मला सांगितलं का नाही? मी त्या दिवशी विचारलं होतं. समोर उभा राहून विचारलं होतं."

मामींनी कप माझ्या हातात दिला. "लोकांसमोर दोनशेला देऊन झाल्यावर इचारलास तू. हे काय म्हणणार? भाच्याला चुकीचं ठरवून धंदा करणार?" मग म्हणाल्या, "तुज्यावर राग न्हाय त्यांचा. राग असता तर बरं झालं असतं. बोलले तरी असते."

चहा संपेपर्यंत मामा आले नाहीत. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

७ नोव्हेंबर

सकाळी मामांचं पान काढलं. एक बटण दाबायचं काम.

मग मामांकडे गेलो. ते अंगणात फुलं तोडत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, "साकू, सोमू." साकू म्हणजे पुरे. लहानपणी आम्ही भावंडं भांडलो की हेच म्हणायचे. त्यांनी परडी माझ्या हातात दिली आणि उंच फांदी खाली ओढून धरली. मी फुलं तोडली. एवढंच झालं.

१५ जानेवारी २०२४

पुण्याच्या कंपनीचं उत्तर आलं. आकडे चांगले आहेत, पण सगळ्यात जास्त क्लिक मिळालेलं दुकान आता अस्तित्वात नाही, त्यामुळे रस नाही. सभ्य भाषेत लिहिलंय. शेवटी शुभेच्छा.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू आहे. घरी कोणाला जायचं नव्हतं.

४ मार्च

मामांनी दुकान सोडलं. सामान हलवायला मी येतो म्हणालो, पण त्यांनी आदल्या दिवशीच उरकलं होतं. मामी सांगत होत्या, नवी पेठेतच पुढच्या चौकातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात ते काउंटरला लागलेत. मालक त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. पुस्तकांची माहिती असलेला माणूस त्याला हवाच होता.

मला एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालंय. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, दिवसाला तीन बॅच. साइट तशीच चालू आहे. बंद करायची इच्छा होत नाही, उघडून बघायचीही होत नाही.

आई बोलायला लागली आहे. पण मामांचा विषय निघाला की उठून आत जाते.

१९ ऑगस्ट

बऱ्याच महिन्यांनी वही काढली. आजचं लिहिलंच पाहिजे.

सकाळी एका मुलीचा फोन आला. साइटवरचा नंबर बघून केला होता. "चनबसप्पा मामांचं दुकान कुटं गेलं? मी दोनदा येऊन गेले." आवाज ओळखला नाही. नाव सांगितल्यावर आठवलं. दानेश्वरी, मैंदर्गीची.

बसस्टँडवर भेटलो. तिने पिशवीतून पुस्तक काढलं. तेच, शरीररचनेचं, खाकी कव्हरातलं. कोपरे झिजू नयेत म्हणून तिने आणखी एक प्लास्टिकचं कव्हर घातलेलं.

"हे द्यायचं होतं मामांना."

"द्यायचं म्हणजे?"

"परत. वर्ष झालं की. परत द्यायचं अन् दोनशे रुपये घ्यायचे, अन् दुसऱ्या वर्षाचं पुस्तक न्यायचं. मला सांगितलेलं त्यांनी."

मी पहिलं पान उघडलं. पाच नावं होती. पाच वर्षं, पाच मुली. शेवटचं तिचं. त्या दिवशी मी दुकानात तीन हातांवर बसलो होतो आणि ते पान मी बघितलं नव्हतं. नाव लिहून घेतात ते मालकीसाठी, असं समजलो होतो.

दोनशे रुपये हा भाव नव्हताच. ती अनामत होती. फुकट घेतलं असं कोणाला वाटू नये म्हणून, आणि पुस्तक परत यावं म्हणून. आणि मागच्या कपाटातली ती वीस-पंचवीस पुस्तकं अशीच फिरत होती. ती मी दीडशेच्या ओळीत टाकून विकून टाकायला लावली. अडकलेला माल म्हणालो होतो त्यांना. त्यांच्या तोंडावर.

मी तिला दोनशे रुपये दिले. दुकान बंद झाल्याचं सांगितलं. का, ते सांगायचं धैर्य झालं नाही. म्हणालो, दुसऱ्या वर्षाचं पुस्तक मी घेऊन देतो, आत्ता चल, नवी पेठ जवळ आहे.

"नको, सर."

"अगं, मामांचा भाचाच आहे मी."

"तसं न्हाय. मामांचं येगळं होतं. तितं आदीच्या ताईचं नाव असायचं. कुणीतरी वापरलेलं मी वापरते, माझं कुणीतरी वापरंल. तुमी नवीन घेऊन देणार, म्हंजे..." तिने वाक्य सोडून दिलं. "लायब्ररीत बगते. दुसरं वर्ष पुढच्या महिन्यात सुरू होतंय, वेळ हाय अजून."

अक्कलकोटमार्गे मैंदर्गीला जाणारी गाडी लागली. तिने पुस्तक माझ्याकडेच ठेवलं, "मामांना द्या" म्हणाली आणि चढली.

निवेदिताला सगळं सांगितलं. शेजारी बसून तिनेही ती पाच नावं वाचली.

२१ ऑगस्ट

मामा काम करतात त्या दुकानात गेलो. पांढरे दिवे, थंड हवा, सगळ्या फळ्यांवर छापलेल्या पट्ट्या. मामांच्या अंगात दुकानाचं नाव लिहिलेला निळा शर्ट. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यानेच मला परत जावंसं वाटलं.

दुसऱ्या वर्षाचं नर्सिंगचं पुस्तक मागितलं. त्यांनी न शोधता काढून दिलं, यंत्रासमोर धरलं.

"सातशे पंचवीस," म्हणाले. मग हळू आवाजात, "हितं कमी-जास्त माज्या हातात न्हाय, सोमू."

मी पैसे दिले, त्यांनी पावती दिली. भाचा म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून नीट घडी घालून दिली.

मालक आत होता. मी दानेश्वरीचं पुस्तक पिशवीतून काढलं. मामांनी पहिलं पान उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं आणि मिटलं. "आली म्हण की. हितं ठेवता येत न्हाय. तुज्याकडंच असू दे. लागंल कुणाला तरी."

"कोणाला द्यायचं ते कसं कळतं, मामा?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "भाव ऐकून जो घासाघीस करतोय, त्याला परवडतंय. भाव ऐकून पुस्तक हळूच खाली ठेवून 'नंतर येतो' म्हणतोय, त्याला न्हाय. त्यात कळायचं काय हाय?"

मी सांगितलं, की ती माझ्याकडून नवं पुस्तक घेत नाही. त्यांनी पावत्यांचं बाड सारखं केलं.

"बरोबर हाय तिचं. नवं पुस्तक कोण असंच देतंय? तिला कळतंय की. जुनं करून दे."

"जुनं कसं करू?"

"वाच," मामा म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

२२ ऑगस्ट

क्लासला निघण्याआधी साइटच्या नोंदी उघडल्या. सुरुवातीपासूनच्या. पुस्तक शोधलं, यादी बघितली, कुठेही न जाता पान बंद केलं, असे किती लोक? शंभरातले त्रेसष्ट. यांना मी गळती म्हणायचो. गळती कमी व्हावी म्हणून चौकटीचा रंग दोनदा बदलला होता.

त्यातला एक मुलगा एकच पुस्तक सात दिवसांत अकरा वेळा शोधत होता. तलाठी परीक्षेचं. अकराही वेळा यादी बघून गेला. तो कोण, कुठला, मला कधीच कळणार नाही. माझ्याकडे त्याचा नुसता आकडा आहे.

साइट बंद केली. काही वाटेल असं वाटलं होतं. नऊच्या बॅचला उशीर झाला, एवढंच.

३ सप्टेंबर

रोज क्लासला जाण्याआधी तासभर आणि संध्याकाळी तासभर ते दुसऱ्या वर्षाचं पुस्तक वाचतोय. सहाशे चाळीस पानं आहेत. पहिल्यांदा नुसती उलटावीत असं ठरवलं होतं, पण नुसत्या उलटलेल्या पानाला जुनेपणा येत नाही, ते उलटलेलंच दिसतं. म्हणून खरंच वाचतो. शरीरातलं पाणी कमी झालं की त्वचा चिमटीत धरून कशी बघायची. एका कुशीवर पडून राहिलेल्या रोग्याला दर दोन तासांनी का वळवायचं. निवेदिता वह्या तपासताना मध्येच विचारते, मग मी तिला समजावून सांगतो. काल तिला बेडसोरचे, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांचे, टप्पे सांगितले, क्रमाने. तिने एक चुकलेला काढला.

आईने पुस्तक उचलून बघितलं. विचारलं, हे काय आता? मी सांगितलं. तिने दोन-चार पानं चाळली. मग म्हणाली, "पेन्सिलीनं खुणा कर. पेनानं नको, पुढच्याला तरास व्हतोय."

पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं. सोमशेखर, २०२४. हे नाव कोणाचं, ते दानेश्वरी ओळखेलच, ती काही खुळी नाही. कदाचित घेईल, कदाचित हसून नको म्हणेल. मामांनी दिलं असतं तर घेतलं असतं, यात शंका नाही. माझ्याकडून घेणं हे तिच्या हातात आहे. मी फोन केला की आधी तिला दुकान का बंद झालं ते सांगणार आहे. पुस्तकाचं त्यानंतर.

आज हृदयाचं प्रकरण संपलं. दोनशे अठरा पानं झाली.